हलव्याचे दागिने घरी करताना: काटा, दोरा आणि फास

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या जावेचा पहिला संक्रांतसण आहे आणि मोठ्या जावेला तिच्यासाठी हलव्याचे दागिने स्वतः करायचे आहेत. गेल्या वर्षी नात्यात एकीला विकतचा सेट आणला होता. हळदीकुंकू संपायच्या आत त्याचे दाणे गळायला लागले आणि काळ्या साडीवर पांढरे डाग पडले. आता विचारणं असं, की हलवा घरी करावा का, तन्मणी-चिंचपेटीसारखे जुने घाट त्यात कसे उतरवायचे, आणि घरातल्या वर्षाच्या बाळाच्या बोरन्हाणाचे दागिनेही सोबत होतील का.

ताई, आधी ते गळण्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. आजकाल बाजारातले बहुतेक सेट पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि हलवा म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर. दाणा चिकटवला की त्याचा गोंदात टेकलेला भाग विरघळतो, मग वाळून त्याची भुकटी होते. वरून दाणा छान दिसतो, खाली मात्र त्याला पाय उरलेला नसतो. बाई दोन वेळा वाणाला वाकली की तो निघाला. गरम गोंदाच्या पिस्तुलाने दाणे जरा जास्त टिकतात, पण दागिना पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि गळ्यावर बसत नाही. आमच्या घरात हे दागिने दोऱ्याने गाठवले जातात. गोंद लागलाच तर पाठीच्या अस्तराला, हलव्याला कधीच नाही.

दोऱ्याने गाठवायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती भोकाची. मोत्याला भोक असतं, हलव्याला नसतं, आणि पाडायला गेलात तर दाणा फुटतो. म्हणून हलवा ओवत नाहीत, बांधतात. गजरा बांधताना फुलाच्या देठाभोवती फास टाकून ओढतो ना, तसाच फास दाण्याच्या कमरेभोवती टाकायचा. दोरा दोन काट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो आणि सुटत नाही. हलव्याला काटा हवा तो एवढ्यासाठी. लोकांना वाटतं काटा शोभेचा आहे. गुळगुळीत, गोटीसारखा हलवा बांधून बघा, तिसऱ्या दाण्याला फास निसटेल. काटा फार लांब आणि नाजूक असला तर ओढताना मोडतो. दाण्यावर सगळीकडून आखूड, बोथट काटे असले की तो दागिन्याला उत्तम. खायला दिसेल तो हलवा चालतो, दागिन्याला निवडून घ्यावा लागतो.

तेव्हा घरी करा की विकत आणा, याचं माझं उत्तर: महिनाभर हाताशी असेल तर तिळाचा घरी करा, साबुदाण्याचा विकत आणा. साबुदाण्याच्या मोठ्या दाण्यावर साखर चढवायला फार दिवस लागतात आणि पहिल्याच वर्षी तो उद्योग मागे लावून घेऊ नये. सुनेच्या पूर्ण सेटला तिळाचा पाव किलोच्या आसपास आणि साबुदाण्याचा शंभर ग्रॅम पुरतो. फुटका-तुटका धरून थोडा जास्तच असू द्या. उरलेला वाटायला होतो.

हलवा करण्याची कृती सगळीकडे मिळते, म्हणून जिथे बिघडतो तेवढंच सांगते. पाक साधा: एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. मळी काढायला चमचाभर दूध घाला, लिंबू पिळू नका. लिंबाने मळी निघते हे खरं, पण आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्या दोन साखरा स्फटिक धरू देत नाहीत आणि हवेतलं पाणी ओढतात. गुलाबजामाच्या पाकाला ते सोयीचं असतं, हलव्याला घातक. काटा येत नाही आणि आला तरी दागिना अंगावर चिकट होतो. पाक गाळून घ्या, बोटांत नुकती एक तार धरू लागली की उतरवा आणि गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून कोमट राखा.

दोन चमचे पांढरे, पॉलिशचे तीळ घ्या. जरा कोरडे होतील इतकेच भाजा, तडतडू देऊ नका. पसरट जाड परात, खाली तवा, गॅस अगदी बारीक. पूर्वी कोळशाच्या शेगडीवर राख पसरून ही धग आणत असत. परात तळहाताला सोसवेल इतकीच गरम हवी. पाक एका वेळी अर्धा चमचा. तो घातला की बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं, दाणे एकमेकांना चिकटले तर सोडवायचे, पूर्ण कोरडे झाले की पुढचा अर्धा चमचा. पाक जास्त पडला तर गोळे होतात. आच वाढली तर साखर दाण्यावर न बसता परातीत भुकटी होऊन पडते, वर रंगही पिवळा पडतो. दाबून फिरवलंत तर आलेला काटा झिजतो. एका बैठकीत एक-दोन तास पुरे, मग परात झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा स्पष्ट दिसतो. पहाटेच्या थंडीत करा असं म्हातारी माणसं सांगत, त्यात तथ्य आहे. हवा गार आणि कोरडी असली की प्रत्येक थर लवकर सुकतो. पुणे-नाशिक-नागपूरकडे ते जमतं. मुंबईत आणि कोकणात दमट हवेशी झगडावं लागतं, तिथे पंखा लावून खोली बंद करा. परदेशातल्या माझ्या दोन-तीन विद्यार्थिनींचा हलवा मात्र हेवा वाटावा असा होतो, कारण हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरातली हवा ठणठणीत कोरडी असते.

काटा का येतो, तर दाण्याचा जो भाग जरा वर आलेला असतो त्याला पाक आधी लागतो, म्हणून तोच आणखी वाढतो. जपानात कोंपेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी करतात. ती तिथे पोर्तुगीजांनी नेली. १५६९ साली लुईश फ्रॉइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला ती बाटलीत भरून भेट दिल्याची नोंद आहे. पूर्वी तिच्याही पोटात तीळ किंवा खसखस असे. आपल्याकडे निदान तीळ अजून पोटात आहे.

हलवा तयार झाला की चाळून घ्या. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. मोती जसे आकारावर वेगळे करतात तसे इथेही दोन-तीन चाळण्यांनी बारीक, मध्यम, मोठा असे ढीग करा. एका सरात एकाच ढिगातले दाणे घ्यायचे. घरगुती आणि कसलेल्या कामातला अर्धा फरक या चाळणीतच पडतो.

दोरा शिलाईचा सुती घ्या, पांढरा, दुपदरी, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढलेला. मेणामुळे तो ताठ राहतो आणि गाठ सरकत नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरू नका. दिसत नाही म्हणून तो छान वाटतो, पण त्याची गाठ सैल पडते आणि घट्ट ओढला तर साखरेत रुततो. दागिने गाठवणारे पटवेकरी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ताणून काम करत. मला तीच पद्धत सोयीची वाटते, तुम्ही टेबलाला खिळा ठोकून घ्या. दोऱ्याला ताण असल्याशिवाय फास एकसारखे पडत नाहीत. प्रत्येक दाण्यानंतर एक साधी गाठ, दोन दाण्यांत काट्याला काटा जेमतेम लागेल एवढंच अंतर. हात कोरडे हवेत. घाम सुटत असेल तर बोटांना थोडी तांदळाची पिठी लावा.

आता घाट. कुठलाही दागिना हलव्यात करायचा तर आधी खरा दागिना उलटा करून बघा. पुढून नक्षी दिसते, मागून सांगाडा, आणि आपल्याला सांगाडा उचलायचा असतो. घरात आजीचं काही असेल तर तेच बघा. नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारा. जुन्या घरगुती वस्तू आणि दागिने बघायला त्यासारखी जागा नाही. रविवर्म्याच्या चित्रांतल्या नऊवारी नेसलेल्या बायकाही उपयोगी पडतात, दागिना अंगावर कसा पडतो ते तिथे कळतं. मोबाईलवरच्या ‘हलवा ज्वेलरी’च्या फोटोंवरून मात्र करू नका. ते सगळे एकमेकांवरून केलेले असतात आणि खऱ्या घाटापासून कधीच लांब गेलेले आहेत.

मोत्याचे घाट हलव्यात सगळ्यात चांगले उतरतात, कारण मुळात दाण्याला दाणा लावलेलाच दागिना तो. तन्मणीपासून सुरुवात करा. बारीक हलव्याचे पाच किंवा सात सर, मधे खोड, म्हणजे मधलं पदक. सर एकाच लांबीचे करू नका. गळ्यालगतचा सगळ्यात आखूड, खालचा प्रत्येक सर दोन-तीन दाण्यांनी वाढता ठेवा, नाहीतर सगळे एकावर एक चढून दोरखंड होतो. खोडासाठी बकरमचा, म्हणजे ताठ अस्तराच्या कापडाचा, लहान तुकडा सोन्याच्या रंगाच्या सॅटिनने मढवा. मधे साबुदाण्याचा एक मोठा दाणा, भोवती तिळाचे. हे दाणे सुईने बकरममधून टाका घेऊन, फासातच बांधायचे. मागून दुसरं कापड लावून सगळ्या गाठी झाका. सरांची दोन्ही टोकं एकत्र करून गोंडा घाला, गोंड्याने मागे दागिना कमी-जास्त करता येतो. कोवळ्या मानेच्या मुलीला आणि भरल्या अंगाच्या बाईला तोच तन्मणी बसतो तो गोंड्यामुळे.

चिंचपेटी त्याहून सोपी आहे आणि दिसते मात्र भारी. गळ्याच्या मापाची बकरमची पट्टी, तिच्यावर आयताकृती घरं आखायची, प्रत्येक घरात उभ्या ओळी आणि दोन घरांमधे एक रंगीत दाणा. तिचा बारकावा एकच. घरं वेगवेगळ्या तुकड्यांवर करून मग दोऱ्याने जोडा, सलग पट्टी केली तर गळ्यावर वाकताना मधले दाणे उडतात. ठुशी हलव्यात होते, पण ठुशीचं सौंदर्य तिच्या ठासून भरलेपणात आहे. तेव्हा अगदी बारीक, खसखशीचाच हलवा लागेल. तो मिळाला नाही तर ठुशीचा हट्ट सोडा, तिळाची ठुशी जाड माळ वाटते.

कोल्हापुरी साज मागतात पुष्कळ जणी. मी नाही म्हणते. साजात जी एकवीस पानं मानतात, त्यात शंख, कासव, बेलपान असे एवढेएवढेसे आकार असतात. साखरेच्या दाण्यांनी ते ओळखू येत नाहीत, नुसते फुगीर ठिपके होतात. सोन्याच्या पत्र्याचं काम पत्र्यालाच शोभतं. पुतळ्यांची माळही त्याच कारणाने टाळते. बोरमाळ मात्र सुरेख होते. साबुदाण्याचे दाणे आणि मधे लाल रेशमाच्या गाठी, एवढं पुरे.

कुड्या करताना सहा दाणे आणि मधे सातवा. सगळे दाणे एका मापाचे असतील तर मधल्याभोवती बरोबर सहाच बसतात, सातवा मावत नाही आणि पाचांना फट राहते. भूमितीच तशी आहे. म्हणून कुडीसाठी दाणे चाळणीवर न सोडता एकेक निवडा. बांगड्यांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या बांगडीवर कापडाची पट्टी गुंडाळा आणि त्या कापडाला दाणे टाका घेऊन बांधा. हात घालताना आतून दाणा घासू नये म्हणून फक्त बाहेरच्या अंगाने. बांगडी नेहमीपेक्षा एका मापाने मोठी घ्या. बाजूबंद आणि कंबरपट्ट्याला बकरमची पट्टी दुहेरी करा. कंबरपट्टा एका तुकड्यात नको, तीन भागांत करून साखळीने जोडला तर बसता येतं. नाहीतर बिचारी सून संध्याकाळभर उभीच.

नथ हा सगळ्यांचा जीव की प्राण, तेव्हा तिच्याबद्दल सविस्तर सांगते. एक मजेची गोष्ट आधी. जिला आपण मराठमोळेपणाची खूण समजतो ती नथ फार प्राचीन नाही. प्राचीन शिल्पांत आणि जुन्या संस्कृत साहित्यात नाकातला दागिना आढळत नाही, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी १९३०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. असो, आपल्याला ती हवीच. सांगाडा अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचा करा. तारवाला गेजचा आकडा विचारतो, पण गेजची मापं दोन पद्धतींची असतात, म्हणून मिलिमीटरच सांगा. तारेला आधी बाक द्या, मग तिच्यावर पांढरं रेशीम दाट गुंडाळा. नुसत्या गुळगुळीत तारेवर दाणा फिरत राहतो, रेशमावर फास पकडतो. बाहेरच्या बाकाला मध्यम दाणे, आतल्या अंगाला बारीक, मधे एक लाल. दाणा लाल करायला कुंकू नको आणि बिटाचा रसही नको, ओल्या रसाने हलवा वितळतो. खाण्याचा कोरडा रंग थोडा पाकात कालवा आणि हलवा परातीतच असताना शेवटच्या दोन थरांना तो पाक वापरा. नाक टोचलेलं असलं तरी ही नथ चापाचीच करा. साखरेच्या नथीचं वजन भोकावर येऊ देऊ नये. जुन्या खोट्या नथीचा चाप काढून लावला तरी चालतो. आणि ती अगदी शेवटी घालायची. नाकाखालच्या श्वासाच्या ओलाव्याने तासाभरात खालचे दाणे चमकायला लागतात, म्हणजे विरघळायला लागतात. एक नथ जादा करून ठेवावी.

मंगळसूत्रात काळी पोत खरीच वापरा, फक्त वाट्या हलव्याच्या. काळा रंग दिलेला हलवा घामाने उतरतो आणि गळ्यावर डाग देतो.

साडीवरच्या पांढऱ्या डागांचं: दाण्यांवर राहिलेली साखरेची भुकटी झडते, तेच ते डाग. गाठवण्यापूर्वी हलवा मलमलच्या फडक्यात घालून हलकेच घोळवा, भुकटी फडक्यात राहते. शिवाय प्रत्येक दागिन्याच्या पाठीला अस्तर लावा. ते अंगाचा घाम दाण्यापर्यंत पोचू देत नाही. काळी चंद्रकळा नेसवणार असाल तर अस्तर काळंच लावा म्हणजे कड दिसत नाही. अत्तर, स्प्रे, पावडर हे सगळं दागिने चढवण्याआधी उरकून घ्या.

बाळाच्या दागिन्यांचं वेगळं सांगते, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. बोरन्हाणाच्या दागिन्यांत तार नाही, टाचणी नाही, स्टेपल नाही, चमकी नाही, गोंद नाही. मूल पहिला दाणा तोंडात घालणार हे धरूनच चालायचं, आणि वर्षाच्या बाळाच्या घशात साबुदाण्याचा हलवा अडकू शकतो. म्हणून मी मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्टा कापडावर बारीक तिळाच्या हलव्याचे करते, दाणा ओढला तरी निघणार नाही असा दुहेरी फास टाकून. गळ्यातला हार करतच नाही. हार हवाच असेल तर झबल्याला पुढे टाके घालून शिवून टाकते. दोरा गळ्याभोवती जात नाही आणि फोटोत हारच दिसतो. बासरीला पोकळ कागदी नळी घ्या, हलवा तिच्या मधल्या भागावरच, टोकं मोकळी, कारण टोकं तोंडात जातात. चुरमुरे-बोरं डोक्यावरून ओतण्याआधी मुकुट काढा. आणि सगळं उरकलं की दागिने लगेच उतरवा. आजी-मावश्यांचे अजून फोटो व्हायचे असतील तर ते कडेवर घेऊन, दागिन्यांशिवाय.

वेळेचं गणित असं. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि हळदीकुंकू, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. त्यामुळे बाळाचे दागिने मागाहून केले तरी हरकत नाही, आधी सुनेचे घ्या. डिसेंबरच्या मध्याला हलव्याला बसा. नाताळापर्यंत हलवा चाळून डब्यात पडला पाहिजे. पुढचे दोन आठवडे गाठवायला. रोज दोन तास बसलात तर तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथ, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा एवढं निवांत होतं. जावयाला द्यायचा हार आणि नारळ शेवटच्या दोन दिवसांत होतात. त्याला मोबाईल, घड्याळ असलं काही करू नका असं माझं मत आहे, पण हौसेला मोल नसतं.

झालेला दागिना स्टीलच्या डब्यात, टिश्यू कागदाच्या घडीत, एकावर एक न रचता ठेवा. कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यात निघतात त्याच, पण बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा. फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं आणि केलेलं सगळं चिकट होतं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात ठेवायची जुनी युक्ती इथे नको, ताटातल्या पाण्याचा ओलावा आत जातो. डब्याभोवती हळदीची रेघ पुरते. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा विचार मात्र सोडा, पावसाळ्यात काही उरत नाही. अस्तरं, पट्ट्या, चाप, गोंडे सोडवून ठेवा, ते पुन्हा कामाला येतात.

सणाच्या दिवशी एका डबीत सुई, मेण लावलेला दोरा आणि मूठभर हलवा जवळ ठेवा. सर तुटला तर तिथल्या तिथे दोन फास टाकून जोडता येतो, सुनेला दागिना उतरवावाही लागत नाही.